माळरान: नेहमी विचारले जाणारे प्रश्न (आणि काही न विचारलेले)

पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवण मागे पडलं की दोन्ही बाजूंना उघडा, पिवळा, दगडगोट्यांचा मुलूख लागतो. एसटीतली माणसं इथे झोप काढतात. आम्ही काही जण हिवाळ्यात लोकांना मुद्दाम तिथेच फिरायला नेतो, आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात. ते एकदाचे लिहून काढले आहेत.

माळरान म्हणजे ओसाड जमीनच ना?

नाही. सह्याद्रीनं पावसाळी ढग अडवले की पूर्वेला जो पर्जन्यछायेचा पट्टा उरतो, म्हणजे पुण्याचा पूर्व भाग, अहिल्यानगर, सोलापूर, साताऱ्याचे माण-खटाव, सांगलीचे जत-आटपाडी, तिथे मुरमाड जमिनीवर विखुरलेली काटेरी झाडं आणि मधे गवत अशी रचना आपोआप तयार होते. हिवर, बोर, बाभूळ, तरवड. खाली पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी. जुलै ते ऑक्टोबर हिरवं, मग सहा-सात महिने वाळलेलं. वाळलेलं म्हणजे मेलेलं नव्हे. गवताचा निम्म्याहून मोठा संसार जमिनीखाली असतो आणि पहिल्या पावसाला तो पुन्हा वर येतो.

गोंधळ शब्दांनी केला. इंग्रजांच्या महसूल व्यवस्थेत ज्या जमिनीवर सारा मिळत नाही ती पडीक. तोच हिशेब आजही आहे: सातबारा उघडा, 'पोटखराबा' हा रकाना सापडेल. केंद्र सरकार पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं, त्यातही माळरानाचा बराच भाग येतो. एकदा कागदावर 'पडीक' लागलं की ती जमीन कशालाही द्यायला मोकळी होते.

पण इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, ते तोडल्यामुळे माळ उरला, असं शाळेत शिकलो होतो.

मीही शिकलो होतो. काही ठिकाणी, विशेषतः घाटाजवळच्या डोंगरांवर, ते खरंही आहे. पण दख्खनच्या कोरड्या पट्ट्याला ते लागू नाही.

पुरावा कुठे? चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची नक्षी कोरलेली कवचं मिळाली, सुमारे पंचवीस हजार वर्षं जुनी. शहामृग हा मोकळ्या रानात पळणारा पक्षी, दाट झाडीतला नव्हे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, डेक्कन कॉलेजनं जे ताम्रपाषाणयुगीन गाव खणून काढलं, तिथल्या हाडांत काळवीट आहे. अलीकडे संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी संतसाहित्य, ओव्या आणि दंतकथा चाळून त्यातल्या झाडांची नोंद केली. निघाली ती बहुतांशी काट्याकुट्याची, माळावरची झाडं. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही हा मुलूख असाच होता.

आणखी एक सोपा पुरावा तुमच्या गावाच्या पाटीवर असतो. हिवरे, बोरगाव, बाभूळगाव, तरवडी, खैरवाडी, पळसदेव. आपल्या पूर्वजांनी आजूबाजूला जे दिसलं तेच नाव ठेवलं.

झाडं लावण्यात वाईट काय असू शकतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त भांडणंही यावरच होतात, म्हणून थोडं सविस्तर.

आधी कबुली. कॉलेजात असताना मी स्वतः माळावर खड्डे खणले आहेत. रविवारी सकाळी टेम्पोतून जायचं, पाचशे रोपं लावायची, वडापाव खायचा, फोटो काढायचा. आम्ही लावलं ते बहुतेक गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया: मूळचं मध्य अमेरिकेतलं, कुठेही जगणारं, जनावर सहसा तोंड लावत नाही म्हणून रोपवाटिकांचं लाडकं. पंधरा वर्षांनी त्याच जागी गेलो तेव्हा झाडं छान वाढली होती. खाली गवत नव्हतं. जमिनीवर धावणारा धाविक पक्षी नव्हता, चंडोल नव्हता. संध्याकाळी तिथे दिसणारी खोकडाची जोडी तर केव्हाच गेली होती. आम्ही कुणाचं तरी घर मोडून तिथे बाग केली होती, आणि त्याचं प्रमाणपत्रही माझ्याकडे आहे.

कारण सरळ आहे. गवताला ऊन लागतं. दाट सावलीत ते टिकत नाही, आणि गवत गेलं की नाकतोडे जातात, मग नाकतोड्यांवर जगणारे जातात. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांना लांबवर दिसणं गरजेचं असतं. झाडांच्या रांगेत शिकारी पक्ष्याला बसायला जागा मिळते आणि अंडी-पिल्लं उघडी पडतात. खड्डे आणि सलग समतल चर खणताना जो पातळ मातीचा थर उलटतो, तो बसायला कित्येक वर्षं लागतात.

२०१६ ते २०१९ या काळात राज्यात वृक्षलागवडीची उद्दिष्टं २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी, ३३ कोटी अशी वाढत गेली. एवढे खड्डे खणायला रिकामी जागा कुठून आणणार? जी 'रिकामी' दिसते तिथूनच.

झाडं लावाच. गावठाणात, रस्त्याकडेला, बांधावर, उजाड झालेल्या खऱ्या जंगलात. जिथे नैसर्गिक गवत आहे तिथे नको, एवढंच म्हणणं आहे.

माळढोक अजून शिल्लक आहे का?

देशात आहे. महाराष्ट्रात जवळजवळ नाही.

माळढोक म्हणजे मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. विणीच्या काळात नर गळ्याची पिशवी फुगवून जो खोल हुंकार देतो, त्यावरून आपल्याकडे काही भागांत त्याला 'हूम' म्हणत. मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशा पक्ष्याची संख्या एकदा घसरली की सावरायला फार वेळ लागतो.

१९६९ च्या अंदाजानुसार देशात सुमारे १,२६० माळढोक होते. आता दीडशेच्या आसपास, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. आंतरराष्ट्रीय यादीत २०११ पासून तो 'अतिसंकटग्रस्त' आहे. सोलापूरजवळ नान्नजला अलीकडच्या वर्षांत एखाददुसरी मादी दिसल्याच्या नोंदी आहेत. एकटी मादी म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

जैसलमेरजवळ सम इथे २०१९ पासून, आणि पुढे रामदेवरा इथेही, बंदिस्त जागेत प्रजनन सुरू आहे, आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. चांगली बातमी. पण पिल्लं वाढवून सोडायची कुठे, हा प्रश्न पुन्हा माळापाशीच येतो.

एवढं मोठं अभयारण्य होतं, तरी माळढोक गेला कसा?

मोठं होतं म्हणूनच, असं माझं मत आहे.

१९७९ मध्ये जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. सोलापूर आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यातले तालुकेच्या तालुके त्यात आले: शहरं, कारखाने, महामार्ग, लोकांची शेतं. प्रत्यक्षात वन विभागाच्या ताब्यात गवताचे छोटे छोटे तुकडे. बाकी सगळ्या जमिनीवर फक्त नाव अभयारण्याचं. पण त्या नावामुळे खरेदीखत अडे, विहिरीचं कर्ज अडे, बिगरशेती परवानगी (एनए) अडे. शेतकऱ्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: हा पक्षी दिसला की माझी जमीन गेली. पूर्वी 'आमच्या रानात माळढोक आलाय' असं कौतुकानं सांगणारा माणूस गप्प बसायला लागला. पुढे न्यायालयाच्या संमतीनं क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर तीसेक वर्षांची कटुता साचली होती.

दुसरं कारण पाण्याचं. उजनी धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झालं. त्याआधी या भागात ज्वारी, करडई, हरभरा, भुईमूग. माळढोक माळावर घरटं करे आणि या पिकांत चरे: किडे, सरडे, थोडे दाणे, बोरं. त्याचं आणि कोरडवाहू शेतकऱ्याचं जमत होतं. पाणी आलं, ऊस आला, द्राक्षं आली. सोनाका ही द्राक्षाची प्रसिद्ध जात नान्नजच्याच काळे कुटुंबाची. ज्या गावाचं नाव जगात माळढोकामुळे माहीत, त्याचं नाव बाजारात द्राक्षामुळे माहीत. शेतकऱ्यानं ऊस-द्राक्ष लावू नये असं म्हणायचा अधिकार मला नाही. पण मांडव आणि तारांच्या रानात माळढोक उतरत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

विजेच्या तारा त्याला दिसत नाहीत का?

उशिरा दिसतात. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहेत, समोरचं कमी दिसतं, आणि एवढं जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थान-गुजरातमधल्या तारा जमिनीखाली घालायला सांगितलं. २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून विषय तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला, कारण दुसऱ्या पारड्यात सौरऊर्जा होती.

मग सौर आणि पवन ऊर्जेला तुमचा विरोध आहे?

नाही. जागेच्या निवडीला आहे, कधीकधी.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चारपट कमी होते. त्यामुळे गळ्याला रंगीत झालर असलेले सरडे बेसुमार वाढले, पण अंगानं बारीक, आणि नरांच्या झालरीचे रंग फिकट. म्हणजे पवनचक्कीनं पक्षी हाकलला आणि रंग सरड्याचा उतरला. निसर्गात धागे असे जोडलेले असतात, हे आम्ही फार वर्षं ऐकत होतो. इथे ते मोजून दाखवलं.

आता शेतीला दिवसा वीज देण्यासाठी गायरानांवर सौर प्रकल्प येत आहेत. दिवसा वीज हवीच, रात्री दोनला मोटर चालू करायला जाणाऱ्याला विचारा. पण आधी छपरं, गोदामं, कालव्यांच्या कडा, खरोखर बिघडलेल्या जमिनी आणि शेवटी गवताळ गायरान, असा क्रम लावता येतो. आज तो उलटा लागतो, कारण गायरानाला मालक नाही आणि लांडग्याला मत नाही.

लांडगा माणसावर हल्ला करतो का?

'लांडगा आला रे आला' ऐकत वाढलेल्या समाजात हा प्रश्न येणारच. उत्तर भारतात लहान मुलांवर हल्ले झाल्याच्या घटना आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. आपल्या माळावर निरोगी लांडगा माणूस दिसला की निघून जातो. पिसाळलेला असेल तर मात्र चावतो, आणि अशा वेळी वेळ न घालवता रेबीजची लस घ्यायची.

हा अठरा-वीस किलोचा प्राणी. वाघाच्याच बरोबरीनं, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. देशात अंदाजे दोन ते तीन हजार, म्हणजे संख्या वाघाच्याच आसपास, पण त्याच्या नावाचा ना प्रकल्प ना पर्यटन. राहतो मुख्यतः अभयारण्यांच्या बाहेर. हिवाळ्यात ओढ्याच्या दरडीत पिल्लं घालतो, दिवसा कधी उसात पडून राहतो, रात्री मेंढवाड्याभोवती फिरतो.

मेंढरं गेली तर धनगर त्याला मारत नाहीत?

रागानं मारल्याच्या, बिळात धूर केल्याच्या घटना होतात. पण जुन्या धनगरांशी बोला. 'त्याचा वाटा तो नेतो' हे वाक्य मी एकाहून अधिक वाड्यांवर, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळांवर, ऐकलं आहे. ते बोलताना कुणी थोर झाल्याचा आव आणत नाही, पाऊस पडतो म्हणावं तसं बोलतात. तरुण पोरं तसं बोलत नाहीत, कारण कळप लहान झाले आणि एका मेंढीची किंमत वाढली.

जनावर मारलं गेलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर हलवू नका. अडचण अशी की वाडा रोज पुढे सरकतो. पंचनाम्याची वाट बघत एकाच रानात दोन दिवस थांबणं फिरत्या धनगराला परवडत नाही, म्हणून बरेच जण कळवतच नाहीत. हा दोष नियमाचा नाही, नियम एका जागी राहणाऱ्या माणसासाठी लिहिला गेला आहे.

चराईमुळेच माळ संपतो ना?

एकाच तुकड्यावर बारा महिने जनावरं राहिली तर संपतो. पण दिवाळीनंतर कोकणात उतरायचं, पावसाळ्याआधी परतायचं, वाटेत शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायच्या, ही धनगरांची पद्धत माळाला श्वास घ्यायला वेळ देते. पूर्ण चराईबंदी केलेल्या प्लॉटमध्ये गवत कमरेएवढं वाढून दाट होतं, झुडपं शिरतात, आणि उघडी जमीन लागणारे पक्षी तिथून निघून जातात. विणीच्या काळात तेवढी बंदी, नंतर मर्यादित चराई, हे बरं.

खरा उपद्रव बाहेरून आणलेल्या वेड्या बाभळीचा. तिच्या शेंगा जनावरं खातात आणि शेणातून बी सगळीकडे पोचतं. ती काढायला मात्र कुणी रविवारी टेम्पो भरून येत नाही.

कुत्र्यांचा आणि वन्यजीवांचा काय संबंध?

मोठा. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या गावाबाहेर टाकतात, त्यावर भटकी कुत्री पोसली जातात, आणि तिथेच लांडगा आणि कोल्हाही येतात. कुत्र्यांकडून त्यांना डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) आणि रेबीज लागतो. कळप तुटला, जोडीदार मिळाला नाही, तर लांडगा कुत्र्याशी जुळतो. पुण्याजवळ असे संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाले आहेत. शिवाय कुत्री चिंकाऱ्याची पाडसं मारतात. इथे पहिला उपाय बंदूक नाही: मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात पुरणं आणि कुत्र्यांचं लसीकरण. कंटाळवाणं काम आहे, म्हणून होत नाही.

तणमोर कुठे दिसेल?

दाखवणार नाही, क्षमस्व. तणमोर म्हणजे माळढोकाच्याच कुळातला छोटा पक्षी. विणीच्या पावसाळ्यात नर गवतातून उंच उडी मारतो आणि त्या उडीनंच जागा उघडी पडते. २०२१ पासून तोही अतिसंकटग्रस्त आहे. वाशिम-अकोल्याकडे त्याच्या अधिवासाची राखण फासेपारधी समाजातली माणसं करत आहेत, कारंजा लाडच्या 'संवेदना' संस्थेसोबत. ज्या समाजाला इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांना या पक्ष्याचं घरटं गवताच्या नुसत्या वळणावरून कळतं. ते ज्ञान फास लावण्यातून आलं, हे ते स्वतःच सांगतात.

बघायला कुठे जावं?

काळविटांसाठी कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. चिंकाऱ्यासाठी बारामती तालुक्यात सुप्याचं मयूरेश्वर, ५.१४ चौरस किलोमीटर. आकडे मुद्दाम दिले, संरक्षित माळ किती चिमुकले आहेत ते कळावं म्हणून. इंदापूरजवळ कडबनवाडी आणि बारामतीकडे शिर्सुफळला वन विभागाची गवताळ प्रदेश सफारी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. तेव्हा मध्य आशियाकडून भोवत्या ससाणे येतात, दिवसभर नाकतोडे टिपतात आणि संध्याकाळी गवतात, जमिनीवरच, मुक्कामाला उतरतात. ती उतरण्याची वेळ चुकवू नका.

गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा. लांडग्यामागे गाडी पळवून काढलेला फोटो मला दाखवू नका. पिल्लांच्या बिळाचं ठिकाण समाजमाध्यमावर टाकू नका, ड्रोन आणूच नका.

आमच्या गावाला गायरान आहे. काय करता येईल?

आधी ते मोजून घ्या, अर्धं गेलेलं असतं. मग ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही मागा. २००२ च्या कायद्यानं प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि ही नोंदवही असायला हवी. एका गावात आम्ही ती मागितली तेव्हा कपाटातून निघालेल्या वहीत शेजारच्या तालुक्यातली झाडं लिहिलेली होती, आणि 'गवत' या शब्दापुढे नुसती आडवी रेघ. ती रेघ गावातल्या मेंढपाळ आजोबांना बसवून भरून घ्या. त्या गावच्या आजोबांनी एका बैठकीत चौदा गवतं सांगितली, कुठलं दुभत्या जनावराला, कुठलं छपराला, हे सगळं. ग्रामसभेचा ठराव आणि भरलेली नोंदवही हाताशी असेल तर उद्या प्रकल्प आला तेव्हा 'इथे काहीच नाही' असं कुणाला सहज म्हणता येत नाही.

बूट कोणते घालू?

चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे. कापडी बूट आणि लोकरी मोजे नकोत, कुसळी तुमची वाट पाहत असते. त्या गवताच्या बीला टोकदार नाक आणि पिळदार शेपूट असतं. ओल लागली की पीळ सुटतो आणि बी मातीत गिरमिटासारखं शिरतं. मोज्यातही तसंच शिरतं. परतताना गाडीत बसायच्या आधी खाली बसून कुसळं काढा आणि तिथेच टाका. पुण्याला नेऊ नका, तिथे ती सोफ्यात रुजत नाहीत.